सासऱ्यांनी टाकलेली क्लिप आणि बंद केलेल्या मावशी

पत्र

ताई, मी नागपुरात मानेवाड्याकडच्या एका ले-आऊटमध्ये राहते, शाळेत शिकवते आणि आमच्या ले-आऊटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिन आहे. गेल्या महिन्याभरात आमच्याकडे डेंग्यूच्या ७-८ केसेस झाल्या, तेव्हापासून ग्रुपवर रोज काही ना काही येऊन राहिलं. एक ऑडिओ क्लिप आली, त्यात एक माणूस घाबऱ्या आवाजात सांगतो की सरकारी दवाखान्यात बेड उरले नाहीत, लहान मुलं दगावून राहिली, आकडे लपवून राहिले, हा डेंग्यू नाहीच, नवीनच व्हायरस आहे, दवाखान्यात जाऊ नका, पपईच्या पानांचा रस प्या. ती क्लिप माझ्या सासऱ्यांनी टाकली. मी सगळ्यांसमोर ग्रुपवरच लिहिलं की "बाबा, हे फेक आहे, असं टाकत जाऊ नका." खाली दोघातिघांनी हसायचे इमोजी टाकले. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत, ताट खोलीत नेऊन जेवतात. ते वाईट नाहीत हो. २०२१ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ कोरोनात गेले, तेव्हापासून दिवसभर मोबाइलच बघत बसतात. नंतर कोणीतरी माझ्या मुलाच्या मित्राचा ब्लड रिपोर्ट ग्रुपवर टाकला, नावासकट. मी तो काढला नाही, आधीच एवढं झालं होतं म्हणून. त्याची आई ग्रुप सोडून गेली, आता रस्त्यात भेटली तरी बघत नाही. आणि कमिटीनं ठरवलं की मागच्या वस्तीतून घरकामाला येणाऱ्या बायांना सध्या बंद करायचं, त्यामुळे आमच्या मावशीही १२ दिवसांपासून येत नाहीत. मी ग्रुप बंद करू का? बाबांची माफी मागू का? खरं बोलले यात माझं काय चुकलं?

उत्तर

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझे तिन्ही प्रश्न ग्रुपचे आणि बाबांचे आहेत, मावशींचं तू शेवटी एका वाक्यात लिहून टाकलं. मी तिथूनच सुरू करते, कारण बाबांचा रुसवा आणखी चार दिवस थांबू शकतो, मावशींच्या घरचा किराणा थांबू शकत नाही.

डेंग्यू माणसाकडून माणसाला लागत नाही. हातानं नाही, भांड्यानं नाही, एका खोलीत बसल्यानं नाही. एडिस इजिप्ती नावाची डासाची मादी तापाच्या पहिल्या काही दिवसांत रोग्याला चावते, मग तिच्या अंगात तो विषाणू वाढायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, आणि त्यानंतर ती ज्याला चावेल त्याला देते. हा डास दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि दुपार कलल्यावर जास्त. आणि फार लांब उडत नाही, जिथं जन्मला तिथून काहीशे मीटरच्या आतच फिरतो. आता तूच सांग, तुमच्या ले-आऊटमध्ये ७-८ केसेस आहेत, मावशी सकाळी ८ ते दुपारी १ तुमच्याकडेच चार घरी वाकून भांडी घासून राहिल्या, म्हणजे डास चावायच्या वेळेला त्या तुमच्या ले-आऊटमध्ये असतात. त्यांच्याकडून तुम्हाला डेंग्यू येण्यापेक्षा तुमच्या घरातून त्यांना व्हायची शक्यता जास्त आहे. वस्तीत डास नाहीत असं मी म्हणत नाही, तिथं पाणी दिवसाआड येत असेल तर ड्रम भरून ठेवावेच लागतात आणि ड्रमात अळ्या होतातच. पण तुमच्या गल्लीतला डास तुमच्याच गल्लीत जन्मलेला आहे, हे कमिटीला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं, आणि ग्रुपवर महिनाभर एवढं सगळं येऊन गेलं तरी नेमकं हेच कोणी टाकलं नाही.

आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, काळी आणि पिवळी, १८८० च्या दशकापासून निघते, आणि महालात, इतवारीत सगळे ओरडतात की रोगराई घेऊन जा गे मारबत. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितली आहे, मला ती फार आवडते. रोग म्हणजे दिसत नाही, पकडता येत नाही, म्हणून त्याला एक तोंड द्यायचं, गावाबाहेर न्यायचं आणि जाळून टाकायचं, यात मनाला किती मोकळं वाटतं ते ज्यानं ती मिरवणूक पाहिली त्यालाच कळतं. पण ती बाहुली असते गं. कागदाची, बांबूची, कापडाची. तुमच्या ले-आऊटनं एका जिवंत बाईची मारबत केली. १२ दिवस झाले, तिला बाहेर काढून तुमचा एकही डास कमी झाला नाही.

मी हे जोरात बोलून राहिले कारण अफवेचा राग नेहमी ज्याच्या मागे कोणी नाही त्याच्यावरच निघतो हे आपण महाराष्ट्रात बघितलेलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण लोकांनी मारून टाकले, मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज फिरत होते म्हणून. ते भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. तुमच्या ले-आऊटची त्या गावाशी बरोबरी नाही करत मी, कोणी हात नाही उचलला, फक्त "सध्या येऊ नका" म्हटलं. पण ज्याची चौकशी करायला कोणी येणार नाही त्यालाच धरायचं, ही सुरुवात दोन्हीकडे सारखीच. तर आज संध्याकाळी मावशींना फोन कर, उद्यापासून बोलव, १२ दिवसांचे पैसे कापू नको, आणि त्यांच्या घरी कोणाला ताप आहे का ते विचार. कमिटी काही म्हणाली तर वर डासाचं लिहिलं आहे ते जसंच्या तसं त्यांना पाठव.

आता बाबा.

तू विचारलं, खरं बोलले यात माझं काय चुकलं. खरं बोलण्यात काहीच चुकलं नाही. बोललीस ती जागा चुकली. ज्या माणसानं आयुष्यभर घरात शेवटचा शब्द बोलला त्याला सुनेनं १४०-१५० लोकांसमोर "असं टाकत जाऊ नका" म्हटलं, आणि खाली पोट्टे हसले. त्यांना क्लिप खोटी निघाल्याचं काही वाटलं नसेल, हसणं लागलं असेल. माफी माग, पण कशाची मागून राहिली ते नीट सांग. "बाबा, मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, तुमच्या खोलीत येऊन बोलायला पाहिजे होतं," एवढंच. क्लिप खरी होती असं मात्र म्हणू नको, त्यांना बरं वाटावं म्हणून सुद्धा नको.

आणि त्या माणसाकडे जरा २०२१ मधून बघ. तू लिहिलं की त्यांचे भाऊ गेले तेव्हापासून ते मोबाइल सोडत नाहीत. मला यात काही वेगळं वाटलं नाही, कारण ते दिवस मी पण काढलेत. एप्रिल २०२१ ची एक रात्र सांगते. माझ्या आत्याचं ऑक्सिजन ८४ वर आलं होतं, आणि मी हॉलमध्ये जमिनीवर बसून, चार्जर लावलेला फोन हातात, एका लिस्टमधले नंबर फिरवून राहिली होती. ३१ नंबर होते. बहुतेक बंद, काही एंगेज, एका ठिकाणी एक बाई उचलून रडायलाच लागली, म्हणाली ताई मला काल रात्रीपासून फोन येऊन राहिले, माझ्याकडे सिलिंडर नाही हो, माझा नंबर कोणी टाकला मला माहीत नाही, माझा नवराच आत आहे. आणि ती लिस्ट, अगं, ती लिस्ट मीच दुपारी सहा ग्रुपवर पाठवली होती. एकही नंबर फिरवून न बघता. कोणाच्या तरी कामी येईल म्हणून, चांगल्या मनानं. त्या बाईला आलेल्या फोनपैकी किती माझ्यामुळे गेले असतील ते मला कधीच कळणार नाही, पण मी ते विसरले नाही.

पहाटे तीनला माझ्या भाचीनं दुसरी एक लिस्ट पाठवली, इंजिनिअरिंगच्या काही पोट्ट्यापोट्टींनी केलेली. तिच्यात नंबर फक्त नऊ होते, पण प्रत्येकापुढे लिहिलं होतं की किती वाजता फोन केला आणि समोरून काय सांगितलं. "रात्री २.१० ला बोललो, एक बेड आहे, व्हेंटिलेटर नाही." "१.४० ला बोललो, नाही, सकाळी परत विचारा." सातव्या नंबरवर आत्याला बेड मिळाला, ती आज धंतोलीला राहते आणि संध्याकाळी बागेत फिरायला जाते. दोन्ही लिस्ट अनोळखी माणसांनीच केल्या होत्या आणि दोघांचीही इच्छा मदतीचीच होती. पण दुसऱ्या लिस्टवाल्यांनी पाठवायच्या आधी फोन फिरवला होता, आणि कधी फिरवला ते लिहून ठेवलं होतं.

म्हणून मी म्हणते की तुझ्या सासऱ्यांसारखी माणसं खोटं पसरवायला बसलेली नसतात. त्यांना एकदा वेळेवर माहिती मिळाली नाही आणि घरातला माणूस गेला. आता प्रत्येक क्लिप त्यांना तीच क्लिप वाटते जी तेव्हा वेळेवर मिळाली असती तर भाऊ वाचला असता. ते डोक्यानं फॉरवर्ड नाही करत गं, त्या दुखऱ्या जागेवरून करतात. तिथं तू फॅक्ट चेकची लिंक ठेवली तर ती टोचणारच.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगू का, बाबांच्या क्लिपमधलं एक वाक्य अगदीच हवेतलं नाही. आकड्यांचं. तुमच्या ले-आऊटमध्येच ७-८ जणांना डेंग्यू, आणि पेपरात पूर्ण झोनचा आकडा बघावा तर तो पण तेवढाच, मग माणूस म्हणणारच की लपवून राहिले. यामागचं कारण मात्र नीट समजून घे, कारण हे बाबांना समजावता आलं तर अर्धं काम झालं. प्रायव्हेट दवाखान्यात बहुतेक वेळा रॅपिड कार्ड टेस्ट होते, अर्ध्या तासात रिपोर्ट हातात. सरकारी हिशेबात डेंग्यू पक्का धरायला एलायझा नावाची लॅबमधली रक्ततपासणी लागते, पहिल्या पाचेक दिवसांत एनएस१ ची, म्हणजे विषाणूचाच अंश शोधणारी, आणि त्यानंतर आयजीएमची, म्हणजे त्याच्याविरुद्ध शरीरानं केलेली प्रतिपिंडं शोधणारी. कार्डवर पॉझिटिव्ह आलेला माणूस तोवर "संशयित" मध्ये असतो. नमुना सरकारी लॅबला गेलाच नाही तर तो पक्क्या आकड्यात कधीच येत नाही. मृत्यूचं तर आणखी वेगळं, डॉक्टरांची समिती कागद तपासते आणि मग ठरतं की मृत्यू डेंग्यूनं झाला की दुसऱ्या कशानं, त्यात आठवडे जातात. म्हणजे सरकारी आकडा कमी दिसतो हे बाबांचं निरीक्षण बरोबर आहे, लपवालपवी आहे हा त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा असू शकतो. हे फरक करून बोललं की समोरच्याला वाटतं की हिनं माझं ऐकलं तरी.

माझं स्वतःचं मत विचारशील तर संशयितांचा आकडा आणि पक्का आकडा दोन्ही शेजारी शेजारी, वॉर्डानुसार, दर सोमवारी लोकांना द्यायला पाहिजे, आणि खाली दोन ओळीत फरक सांगायला पाहिजे. लोक घाबरतील म्हणून सांगायचं नाही, हा विचारच मला पटत नाही. लोक न सांगितल्यानं जास्त घाबरतात. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेला प्लेगची बातमी फुटली तेव्हा कोणाच्या हातात मोबाइल नव्हता, तरी काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून पळाले आणि दुकानातून टेट्रासायक्लिन संपलं. तेव्हा सगळं तोंडातोंडी गेलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस म्हणाले होते की आपण फक्त साथीशी लढून नाही राहिलो, इन्फोडेमिकशी, म्हणजे खोट्या-अर्धवट माहितीच्या साथीशी पण लढून राहिलो. शब्द नवीन असेल, पण आपल्या आज्यांनी प्लेगात, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, म्हणजे मानमोडीत, हेच बघितलं होतं.

आता त्या क्लिपकडे जरा नीट बघू, कारण "फेक आहे" एवढं म्हटल्यानं कोणाचं समाधान होत नाही, ते का फेक वाटतं ते दाखवावं लागतं. बाबांजवळ बस, दोघांनी मिळून ती परत ऐका. त्यात बोलणाऱ्याचं नाव आहे का? तारीख? कोणता दवाखाना, कोणता वॉर्ड? तू लिहिलेल्यावरून तर काहीच नाही दिसत, फक्त "सरकारी दवाखान्यात" आणि घाबरा आवाज. असली क्लिप नागपूरची आहे की रायपूरची, यंदाची की चार वर्षांपूर्वीची, हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच ती कुठंही आणि कधीही फिरू शकते. वरती दोन बाण दिसतात का बघ, म्हणजे ती आधीच खूप हातातून आलेली आहे. असा मेसेज एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, ही मर्यादा व्हॉट्सअॅपनं कोरोनातच टाकली. तरी फिरतो, कारण आपण एकेक करून पाठवतो. आणि मुख्य म्हणजे नागपुरात मेडिकल नाही तर मेयो, या दोन सरकारी दवाखान्यांत कोणीच ओळखीचं नाही असं घर शोधून सापडणार नाही. कोणाची वहिनी सिस्टर असते, कोणाचा भाचा तिथं शिकत असतो. एक फोन लावायला बाबांना सांग, स्वतः लावायला सांग, तू लावू नको. ऐकलेलं आणि विचारलेलं यातला फरक त्यांना त्यांच्याच कानानं कळू दे.

मला त्या क्लिपमधली सगळ्यात भयंकर ओळ बेडची नाही वाटली. "दवाखान्यात जाऊ नका, पपईचा रस प्या" ही वाटली. पपईच्या पानांवर अभ्यास झालेले आहेत, काहींत प्लेटलेट थोडे वाढलेले दिसले, त्यामुळे कोणी डॉक्टरांना सांगून चमचाभर घेतलं तर मी भांडणार नाही. पण डेंग्यूत एक अशी वेळ येते की जिथं घरी बसून राहणं जिवावर बेततं, आणि ती वेळ फसवी असते. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो, घरच्यांना वाटतं सुटलो, रस लागू पडला, आणि नेमकं त्याच २४ ते ४८ तासांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, बीपी खाली जातं. तेव्हा पोट खूप दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, मूल एकदम सुस्त होणं किंवा उगाच चिडचिड करणं, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, यातलं काहीही दिसलं की प्लेटलेट किती आहेत ते विचारत न बसता उचलून दवाखान्यात न्यायचं. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन स्वतःच्या मनानं अजिबात नाही, त्यानं रक्तस्राव वाढतो. पाणी, ओआरएस, ताक, जे जाईल ते सारखं द्यायचं. हे ग्रुपवर टाक. मी सांगते, तुझ्या ग्रुपवर महिनाभरात आलेल्या सगळ्या मेसेजपेक्षा हा एक कामाचा आहे, आणि हा वाचून एखादी आई योग्य दिवशी घरून निघेल.

याची दुसरी बाजू पण आहे आणि ती मला तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलींमध्ये दिसते, राग मानू नको. पाच-दहा क्लिप खोट्या निघाल्या की आपल्याला सगळंच खोटं वाटायला लागतं. जानेवारी २०२५ आठव. एचएमपीव्हीचा गाजावाजा झाला, नागपुरातही दोन मुलं संशयित म्हणून बातम्या आल्या, लोक परत मास्क लावायला लागले, लॉकडाऊन लागणार अशा गोष्टी सुरू झाल्या. तो विषाणू २००१ मध्येच सापडलेला, दरवर्षी सर्दी-खोकल्यात फिरणारा. काही दिवसांनी सगळे विसरले. आणि त्याच महिन्यात पुण्याला सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन बॅरे या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढायला लागले, तेव्हा माझ्याच ओळखीच्या दोन घरी ऐकलं की "हे पण तसंच असेल". तसं नव्हतं. तिथं लोक खरोखर व्हेंटिलेटरवर गेले, पाण्यावर संशय होता, पाणी उकळून प्या हा सल्ला खरा होता आणि तो पाळणं जरुरी होतं. एकदा घाबरवून झाल्यावर माणूस पुढच्या वेळी कान बंद करतो. म्हणून तू ग्रुपवर जेव्हा "फेक" लिहिशील तेव्हा त्याच मेसेजमध्ये खरं काय तेही लिही. नुसतं पुसू नको.

ग्रुप बंद करू का विचारलंस. नको करू. बंद केला तर लोक दुसरा काढतील आणि तिथं तू नसशील. एकच नियम लाव, तो त्या पोट्ट्यांच्या लिस्टवाला: आजाराबद्दल काहीही टाकायचं तर कोणी सांगितलं, कोणाला विचारलं आणि किती वाजता, हे सोबत लिहायचं. नाही लिहिलं तर काढून टाकायचं, कोणी टाकलं ते बघायचं नाही, माझं असलं तरी. पहिला मेसेज तूच टाक, साधासा. "आज सकाळी ९.३० ला झोन ऑफिसला फोन केला, फवारणीची गाडी गुरुवारी येणार म्हणाले. आपल्या गल्लीत आज नवीन ताप कोणाला नाही." रोज एकदा, ठराविक वेळी. चार दिवसांनी लोक त्या वेळेला मोबाइल बघायला लागतील आणि मधल्या क्लिपा आपोआप मागे पडतील. शंका आली तर राज्याच्या १०४ हेल्पलाइनला विचारता येतं, तो नंबर वर पिन करून ठेव.

आणि हे काम बाबांना दे. खरंच दे. ते रिटायर्ड आहेत, दिवसभर मोबाइल हातात आहे, लोक त्यांना ओळखतात, त्यांचा आवाज चालतो. ज्या माणसाला वेळेवर माहिती न मिळाल्याचं एवढं दुःख आहे त्याच्याइतकं जिवापाड हे काम दुसरं कोणी करणार नाही. झोन ऑफिसचा फोन त्यांनी करावा, मेसेज त्यांनी टाकावा, खाली त्यांचं नाव असू दे. सुरुवातीला नाही म्हणतील. दोनदा विचार.

आणखी एक. त्यांना टॉर्च घेऊन कूलर बघायला ने. आपल्याकडे कूलर मे-जूनमध्ये बंद होतो पण खिडकीतून निघतो कधी, बाप्पा, दिवाळीला. मी गेल्या वर्षी माझ्या मागच्या खोलीचा कूलर उघडला, मला वाटलं कोरडा असेल, पावसाचं दोन बोटं पाणी साचलेलं आणि त्यात अळ्या, केसाएवढ्या, टॉर्च मारली की वळवळत एकदम खाली जातात, थोड्या वेळानं परत वर येऊन पाण्याला डोकं खाली करून लटकतात. मी बराच वेळ बघत उभी राहिले. अंगावर काटा आला, कारण त्या खिडकीला लागूनच माझ्या नातीचा पलंग आहे. पाणी ओतून दिलं की झालं असं समजू नको. अंडी पाण्याच्या वरच्या कडेला चिकटलेली असतात, कोरड्यात काही महिने तशीच जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. ब्रशनं घासावं लागतं, कडा आणि कोपरे. मग गच्चीवरचे टायर, रंगाचे डबे, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, बांधकाम अर्धवट सोडलेला प्लॉट. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं करायचं. बाबांनी त्या अळ्यांचा दहा सेकंदाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला ना, की "आपल्याच गच्चीवर, आज सकाळी ८ वाजता", तर तो कोणत्याही क्लिपपेक्षा जास्त बघितला जाईल आणि त्याच्यात एक शब्द खोटा नसेल. वस्तीतल्या बायांवर बोट दाखवणं पण त्याच दिवशी बंद होईल.

राहिला तो रिपोर्ट. हे मला तुझं खरं चुकलेलं वाटतं, आणि मला वाटतं तुलाही वाटतं, नाहीतर तू लिहिलं नसतं. लेकराचं नाव, वय, प्लेटलेट, सगळं शंभर-दीडशे फोनमध्ये गेलं आणि त्याची आई तेव्हा दवाखान्यात सलाइनच्या थेंबाकडे बघत बसलेली असेल. अॅडमिनला दुसऱ्यानं टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, फार दिवस झाले नसतील तर. काही फोनमध्ये तो फोटो सेव्ह झालेला असणारच, तरी निघत असेल तर आधी तो काढ, हे वाचल्या वाचल्या काढ. ज्यानं टाकला त्याला पर्सनलवर सांग, फोन करून, ग्रुपवर नाही. बाबांच्या वेळची चूक परत नको.

आणि मग तिच्या घरी जा. मेसेज नको, फोन नको, घरी जा. मुलाला सोबत नेऊ नको पहिल्या वेळी. "तुझ्या मुलाचा रिपोर्ट ग्रुपवर आला तेव्हा मी काढायला पाहिजे होता, मी घाबरले आणि काढला नाही," असं सरळ म्हण, कमिटीचं, सासऱ्यांचं, कोणाचं नाव मध्ये आणू नको. ती रागावली तर ऐकून घे. दार अर्धंच उघडलं तर दारातच बोल. मुलगा कसा आहे ते विचार, डेंग्यूनंतर दोन-तीन आठवडे थकवा राहतो, शाळा बुडाली असेल, वह्या पूर्ण करायच्या असतील, तू शिकवतेच, तर त्या वह्या आण म्हणावं माझ्याकडे. नाही म्हणाली तरी दुसऱ्या आठवड्यात परत जा. आणि मावशी उद्या आल्या की त्यांना बसवून पहिले चहा दे, मग भांड्यांचं बघू.